सम चुकली, दत्त्या

प्रिय दत्ता,

उशिराबद्दल माफी वगैरे मागत नाही. तुझ्याकडून शेवटचं जे आलं ती धाकटीची लग्नपत्रिका होती. तब्येत ठीक. साखर आटोक्यात आहे, गुडघे कुरकुरतात. आज लिहायला बसलो त्याचं कारण फक्त तुलाच कळेल. घरी सांगून पाहिलं, "मग त्यात एवढं काय झालं?" असं उत्तर मिळालं.

गेल्या शनिवारी आमच्याकडे बैठक होती. तबल्यावर कुलकर्ण्यांचा मुलगा, मध्य लयीत झपताल. मी नेहमीसारखा मांडीवर ताल धरून. आणि कधी सुटलं कळलंच नाही, पोरगा समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आला तेव्हा माझा हात अजून 'खाली'च्या जागी, सहाव्या मात्रेवर होता. झपतालात, दत्त्या! विलंबित एकताल असता तर मनावर घेतलं नसतं. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही, सगळे "वा वा" करत होते.

आता तू म्हणशील, गॅदरिंगला सम कुणी चुकवली होती त्याचा निकाल लागला. अजिबात नाही. ती तूच चुकवलीस. साक्षीदार अण्णा होते, आणि अण्णा गेले म्हणून तुझी बाजू खरी होत नाही.

तर माझी काळजी. 2021 च्या जानेवारीत मला कोविड झाला होता, आठवतं ना? घरीच बरा झालो, पण वास गेला तो पार उन्हाळ्यापर्यंत. हिंगाची डबी नाकाशी धरून तुला व्हिडिओ कॉल करायचो आणि तू निर्लज्जासारखा हसायचास. आता त्या वासाचाच संबंध लागतोय.

इथल्या यूके बायोबँकेत मी नाव दिलेलं तुला माहीत आहे. पाच लाख माणसांचं रक्त, माप, सवयी, सगळं नोंदवून ठेवलंय त्यांनी. काहींच्या मेंदूचे एमआरआय कोविडच्या आधीच काढलेले होते, त्यात मीही होतो. साथ आल्यावर त्यातल्या काहींना पुन्हा बोलावलं. ऑक्सफर्डच्या ग्वेनाएल दुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 785 जणांचे आधीचे आणि नंतरचे स्कॅन शेजारी ठेवून पाहिले. माणसं 51 ते 81 वयाची, दोन स्कॅनमध्ये साधारण तीन वर्षांचं अंतर. 401 जणांना मधल्या काळात कोविड झालेला, 384 जणांना नाही. 2022 च्या मार्चमध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आलं. मी तेव्हा वाचलं आणि विसरलो. (हो, हस.)

कोविड झालेल्यांत मेंदूच्या वासाशी आणि आठवणींशी जोडलेल्या भागांतला करडा थर जास्त पातळ झाला होता, डोळ्यांच्या वरचा भाग आणि हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे आठवणी साठवणाऱ्या भागाच्या, शेजारची घडी. एकूण मेंदूही किंचित जास्त आक्रसलेला. फरक 0.2 ते 2 टक्के. दवाखान्यात दाखल झालेले त्यात फक्त 15 होते. त्यांना वगळून पाहिलं तरी फरक राहिलाच. म्हणजे माझ्यासारखे घरी पडून बरे झालेलेही त्यात आले.

आणि एक चाचणी असते. पडद्यावर आकडे आणि अक्षरं विखुरलेली, ती एकाआड एक जोडत जायची, 1, ए, 2, बी, असं. कोविडवाल्यांना तिला जास्त वेळ लागला. एक धागा धरायचा, दुसरा सोडायचा नाही. दोन, तीन, दोन, तीन, झपतालच की रे! मी ती दोन्ही वेळा दिली आहे. दुसऱ्यांदा मला वाटलं होतं, यांचा पडदाच मंद चालतोय.

गंमत म्हणजे ते तुमचा निकाल तुम्हाला देत नाहीत. काही गंभीर दिसलं तरच कळवतात. त्या 401 मध्ये मी बहुधा असेन, पण आलेखावरचा कुठला ठिपका माझा हे मला कधीच कळणार नाही. आणि सरासरी माझी नव्हे, हेही मला समजतं. कितीतरी जणांत काही बिघडलेलं नव्हतं. विषाणू मेंदूत शिरलाच असं नाही, सूज कारणीभूत असेल, किंवा वास बंद पडल्यावर त्या भागाला कामच उरलं नसेल. उंदरांच्या फक्त श्वसनमार्गात सौम्य संसर्ग ठेवला, तरी त्यांच्या मेंदूतल्या रक्षक पेशी खवळल्या, आणि फ्लू दिलेल्या उंदरांतही थोडं तसंच दिसलं. म्हणजे कोविडच एकटा बदनाम नाही.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजने एक लाखावर लोकांची ऑनलाइन चाचणी घेतली, ते 2024 मध्ये आलं. बरे झालेले लोकही बुद्ध्यंकाच्या मापात सुमारे तीन गुणांनी मागे, आणि आयसीयूत गेलेले नऊ. पण त्यांच्याकडे आजाराआधीचं माप नव्हतं, म्हणून मी ऑक्सफर्डवरच जास्त विश्वास ठेवतो. तीन गुणांनी काय बिघडतं म्हण. तुझ्यात आणि माझ्यात शाळेत त्याहून जास्त फरक होता, तरी निभावलं.

मुलगी म्हणते, "बाबा, तुमची अठ्ठावन्न वर्षं कोविडच्या खात्यावर टाकू नका." तिचंही बरोबर आहे. या वयात आठवणींच्या भागातून दरवर्षी 0.2 ते 0.3 टक्के तसेही गळतात, कोविड असो नसो. पण खरं सांगू? मला विषाणूच बरा वाटतो. त्याला शिवी देता येते, अमुक महिन्यात आला म्हणून बोट दाखवता येतं. वयाला कसली शिवी देणार? आणि हे मी डॉक्टरला नाही सांगत, कारण तो शंभरातून सात-सात वजा करायला लावेल आणि ते मला बरोबर येईल. पावकी-निमकी अजून तोंडपाठ आहे. सुटली ती फक्त सम, आणि ती कुठल्या तपासणीत येत नाही.

तुझं काय? शाळा सुटल्यावर क्लास चालू ठेवलास ना? वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? डग्ग्याची पुडी बदलून घे, मागच्या रेकॉर्डिंगमध्ये घुमारा पार बसला होता. झपतालाचा लेहरा, ती ताल धरायला फिरत राहणारी धून, पाठव, सतारमेकर गल्लीतल्या आपल्या मास्तरांच्या पेटीवरचाच, मोबाइलमधला टिकटिक करणारा नको. संथ लयीत पाठव. रोज सकाळी धरून बसेन म्हणतो, बघू.

जानेवारीत मिरजेला येतोय. अण्णांच्या वाड्याचं विकायचं ठरलंच असेल तर सही करण्याआधी फोन कर, तुमच्या रात्री दहानंतर. आणि तो दलाल मला पटलेला नाही.

तुझा,
नंदू