माझ्या वाटणीचे अनारसे

ॲशव्हिल (नॉर्थ कॅरोलायना, अमेरिका), दसरा, १२ ऑक्टोबर २०२४

ती. आई आणि ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. (बाबा, मायना बरोबर आहे ना? तेवढा एक विसरले नाहीये.)

हे फोनवर सांगता आलं असतं, पण बाबा फोन स्पीकरवर टाकतात. मग वरच्या मजल्यावरच्या बेन येतात, समोरचे काका डोकावतात, आणि सांगायचं ते राहून मी सगळ्यांना 'मजामा, मजामा' म्हणून ठेवून देते. म्हणून लिहितेय. बेनच्या मुलाला पाठवलंय, तो मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून आणून देईल. त्याला पैसे देऊ नका, घेणार नाही. सेवउसळ खायला बसवा.

आधी मुद्द्याचं सांगते. दिवाळीला मी येत नाहीये. तिकिटं गुरुवारीच रद्द केली.

तुम्हाला न विचारता केलं हे खरं. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "अगं, तिथलं आधी बघ," आणि आई काही न बोलता स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ असलेलेच डबे पुन्हा पुसत बसली असती. ते मला इथून दिसलं. पैसे बुडालेले नाहीत, विमान कंपनीने पुढच्या तारखेला वापरायला दिलेत. डिसेंबरात पोराला सुट्टी लागली की तिघंही येतोय, आणि तेव्हा आठ दिवस नाही, चांगले तीन आठवडे. आठ दिवसांत निम्मा वेळ माझी झोपच पुरी होत नाही, हे आईच दर वेळी म्हणते. म्हणजे हिशेबाने फायदाच आहे. (हो, मीच माझी समजूत घालतेय.)

वादळ झालं म्हणून आमची काळजी करू नका. छप्पर शाबूत आहे. मागचं ओक गाडीवर आडवं झालं, पण गाडी जुनीच होती. वीज मंगळवारी आली. नळ अजून कोरडा आहे. पिण्याचं पाणी मात्र भरपूर मिळतं, बाटल्यांची खोकी दिवाणखान्यात छातीइतकी रचली आहेत. तुमचे जावई दोन दिवसांआड एका सहकाऱ्याकडे अंघोळीला घेऊन जातात, त्याच्याकडे विहीर आहे. तांदूळ आहे, डाळ आहे, आईचं मेतकूट आहे. कोणी उपाशी नाही, आई. खरंच.

आता बाबांसाठी. जन्मभर पाइपलाइनी बघितल्यात, तर तुम्हाला नीटच सांगायला हवं. आम्ही डोंगरात राहतो, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. म्हणून चक्रीवादळ म्हटल्यावर इथे कुणी मनावर घेतलं नव्हतं. 'हेलीन' २६ सप्टेंबरच्या रात्री फ्लोरिडात किनाऱ्यावर आलं, पण त्याच्या आधीच इथे सलग पाऊस पडून जमीन तुडुंब झाली होती. त्यावर २७ला सकाळी हे येऊन आदळलं. फ्रेंच ब्रॉड नदी साडेचोवीस फुटांच्या वर गेली, १९१६ सालच्या पुराचा विक्रम मोडला. धरणापासून गावात येणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या रस्त्यासकट वाहून गेल्या. २००४च्या पुरानंतर मुद्दाम खोल पुरलेली जादाची लाइनसुद्धा राहिली नाही. जलाशयातलं पाणी इतकं गढूळ झालंय की शुद्धीकरण केंद्राला ते झेपत नाही. सखल भागात काही नळांना आता पाणी येतंय, पण ते फक्त संडासात टाकायचं. तुम्ही असतात तर छत्री घेऊन खड्ड्याच्या काठावर उभे राहून मुकादमाला सूचना दिल्या असत्यात.

ते तीन दिवस माझा फोन लागत नव्हता तेव्हा तुमचं काय झालं असेल, ते मला अगदी तंतोतंत माहीत आहे. कारण ऑगस्टात तेच माझं झालं होतं. वडोदऱ्यात पूर, विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी पंचवीस फूट, आणि मी इथे रात्रभर मोबाइलवर बघतेय, तीस, तेहतीस, सदतीस. आजवा धरणाचं पाणी सोडलेलं. तुमचा फोन बंद. आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी गावातल्याच अकोटा भागातल्या छपरावर चढून बसलेल्या मगरीचा व्हिडिओ पाठवतंय. दोन दिवसांनी बेनच्या मुलाच्या फोनवरून आईचा आवाज आला, "अगं, आम्ही वरती आहोत, खिचडी-कढी खातोय." मी गॅरेजमध्ये बसून रडले. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

जन्माष्टमीचा पाळणा तसाच टाकून आई बाळकृष्ण पदरात बांधून वर गेली आणि बाबांची गोळ्यांची पिशवी खालीच राहिली, हेही मला नंतर बेनकडून कळलं. तो पोरगा छातीभर पाण्यात उतरून ती घेऊन आला. त्या पाण्यात काय काय फिरत होतं ते आपल्याला ठाऊक आहे. तीन रात्री त्यांनी तुम्हाला त्यांच्या पलंगावर झोपवलं आणि स्वतः गॅलरीत झोपले. त्यांचं आपल्याशी नातं काय? भाडेकरू होते तेव्हा बाबांनी त्यांना पाण्याच्या मोटरवरून दोनदा झापलंय, एवढंच.

आणि म्हणूनच येत नाहीये, असं म्हटलं तर आई "काहीतरीच" म्हणेल. पण ऐकून घे.

आमच्या डावीकडे एक आजी राहतात. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्यांना मुलगा आहे, पण तो लांबच्या राज्यात, आणि रस्ते तुटलेत. (वर डोंगरातल्या काही वस्त्यांना तर खेचरांवरून औषधं पोचवली लोकांनी. २०२४ साली, अमेरिकेत!) आजींना बादली उचलत नाही, आणि संडासात ओतायला बादलीभर पाणी लागतंच. मी रोज सकाळी ओढ्यावरून दोन बादल्या आणते, एक त्यांची, एक आपली. आईने बांधून दिलेली ती जांभळी सुती साडी दुहेरी करून त्यातून गाळते. सवयीने हं, संडासाच्या पाण्याला कोण गाळतं! पहाटे नळ आला की बाबा "पाणी आलं गं" म्हणून हाक मारायचे, मी डोळे मिटूनच कळशी धरून उभी राहायचे आणि बाबा कळशीसकट मला भिंतीला टेकवून ठेवायचे. चाळीस वर्षांची झाले, पण ओढ्यावर वाकले की मागून ती हाक येईल असं वाटतं.

पहिल्या आठवड्यात वीज नव्हती तेव्हा सगळ्या गल्लीने फ्रीजरमधलं होतं नव्हतं ते बाहेर काढून एकत्र शिजवलं. एकाने शेगडी आणली, एकाने गॅसची टाकी. मी लग्नातला कुकर काढला. गाड्या नाहीत, पंखे नाहीत, सगळं चिडीचूप, आणि त्यात पहिली शिट्टी झाली. तीन घरांची माणसं धावत बाहेर आली. आजी तर काठी घेऊन आल्या, त्यांना वाटलं धोक्याचा भोंगा. मग सगळ्यांनी गरम वरणभात खाल्ला, उभ्याउभ्याच, कागदी कपातून. आता संध्याकाळी कोणी ना कोणी विचारतंच, आज शिट्टी कधी? चांगल्या माणसांत आहे मी, बाबा. करवत घेऊन आमचं ओक कापायला आलेला माणूस नावसुद्धा न सांगता गेला. आज त्याला रस्त्यात गाठून पोराने झाडाचं पिवळं पान दिलं, सोनं म्हणून. त्याने काही न विचारता खिशात ठेवलं.

आजींचा मुलगा नोव्हेंबरात येईल. तोवर मी गेले तर त्यांच्याकडे बघायला दुसरं कोणी येईलही, नाही असं नाही. पण त्यांना माझ्या बादलीचा आवाज ओळखू येतो, आणि मला ते पोरगं पाण्यात उतरलेलं दिसत राहतं. तुम्हाला माझ्यापेक्षा त्या जास्त, असं मुळीच नाही गं आई. उलट आहे. नीट सांगता येत नाही, जाऊ दे.

आता मुकाट्याने ऐकायचं:

बाबांच्या गोळ्या तळमजल्यावर ठेवायच्या नाहीत. पंधरा दिवसांचा एक संच प्लास्टिकच्या डब्यात घालून बेनकडे राहील, मी त्यांच्याशी बोलले आहे. घराचे कागद, पासबुकं, आईचे दागिने बँकेत. भिजलेल्या भिंतींना डिसेंबरपर्यंत रंग लावायचा नाही, आत ओल असते, हे बाबांनीच मला शिकवलंय आणि आता तेच घाई करतायत. पलंगाखालची ती भिजलेली गादी टाकून द्या. वाळली आहे म्हणू नका. बाबांनी शिडीवर चढायचं नाही, कंदील लावायलासुद्धा नाही. आईने गुडघ्याचा पट्टा घालूनच जिना चढायचा. आणि तळमजला सोडून वर राहायला जायचं का, यावर मी आत्ता काही म्हणत नाही. बाबा, विटेवर वीट तुम्ही उभी केलीय, मला माहीत आहे. डिसेंबरात येते, तेव्हा बसून बोलू. फक्त तेव्हा फोनसारखं मध्येच उठून जाऊ नका.

मगरींचं विचारलंत. इथे मगरी नाहीत, अस्वलं आहेत. परवा कचऱ्याच्या डब्याशी एक येऊन गेलं. बाबा, हे आईला वाचून दाखवताना गाळा.

आई, अनारसे कर. दर वर्षी मला म्हणून वेगळे काढतेस ना, ते या वेळी वर नेऊन दे, मोजून निम्मे नाही, सगळे. बेन "ना ना" म्हणतील, तरी ठेवून ये. आणि पीठ थोडं जास्तच भिजव. डिसेंबरात मला लागतील.

तुमची,
छकुली