शेतं गेली, निदान नोंद तरी ठेवा

संपादक साहेब,

मगरपट्टा म्हटलं की आताच्या पोरांना आयटी पार्क नि मॉल आठवतो, पण तिथं आधी उसाची शेतं होती, आणि १२० च्या आसपास शेतकरी कुटुंबांनी बिल्डरला तुकडे विकायच्या ऐवजी जवळपास ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःची कंपनीच काढली, ज्याची जेवढी जमीन त्या हिशोबात शेअर्स, हे किती जणांना ठाऊक आहे? पैसा आला, चांगलंच झालं (जळतोय असं समजू नका). पण कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या, बांध, विहिरी, कुणाचं वावर कुठं हे सांगणारी म्हातारी माणसं आता मोजकीच उरलीत. महापालिकेनं त्यांच्या आठवणी रेकॉर्ड कराव्यात, जुने सातबारे, फोटो एखाद्या खोलीत लावावेत. मोठं म्युझियम नकोय.

– एक वाचक, हडपसर, पुणे