भैया, नुसतं ऐकू नको, म्हण पण

भैया,

काय करी ऱ्हायना रे? फोन केला की तू मीटिंगमध्ये असतो म्हणून आज लिहूनच पाठवतेय, लांबलचक होईल, कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर वाच. परवा तू म्हणाला झोप लागत नाही म्हणून त्या ॲपचे पैसे भरले, ज्यात पावसाचा आवाज आणि बासरी वाजते, आणि दिवसा पण कानात काहीतरी सुरूच असतं. पैशाचं मी काही बोलत नाही, तू कमावतो. पण एक विचारते, स्वतःच्या गळ्याने काही म्हटलं त्याला किती दिवस झाले? गुणगुणणं पण धर त्यात. बाथरूममधलं पण धर.

माझं अंगणवाडीतलं सगळं काम गाण्यावरच चालतं हे तू लहानपणी बघितलंय. तीन ते सहा वर्षांची पोरं, आपण ओरडलो की त्यांचा आवाज अजून वर जातो, त्यापेक्षा हात धुवायचं गाणं सुरू केलं की सगळे आपोआप नळाजवळ. जूनमध्ये नवीन पोरगं येतं, आईचा पदर सोडत नाही, त्याला समजावून काही होत नाही, मांडीवर घ्यायचं आणि काहीतरी म्हणत राहायचं, आधी त्याच्या रडण्याच्या जोरातच आणि मग एकेक ओळ संथ करत जायचं, थोड्या वेळात त्याचा श्वास पण संथ होतो. हे मला कोणत्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही, तुझ्या आजीचं बघून आलं.

आजीला लकवा झाला तेव्हा तू बारावीला होता, आम्ही तुला फार काही सांगितलं नाही. उजवं अंग गेलं आणि वाचा पण गेली. पाणी पाहिजे असेल तर तोंडातून शब्दच निघायचा नाही, चिडायची, भांडं भिरकावायची. मग आखाजी आली, म्हणजे तुमची अक्षय तृतीया, शेजारच्या लिंबाला पोरींनी झोका बांधला आणि गौराईची गाणी सुरू केली, तर आजी खाटेवर पडल्या पडल्या त्यांच्याबरोबर म्हणायला लागली, नुसती चाल नाही बरं, शब्दासकट अख्खी ओळ! पप्पा तर देव्हाऱ्यात दिवा लावायलाच धावले. मग धुळ्याच्या डॉक्टरांनी समजावलं की बहुतेक माणसांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं पण गाण्यात उजवी बाजू पण भाग घेते, म्हणून डाव्या बाजूला मार बसला तरी पाठ असलेलं गाणं कधी कधी शाबूत राहतं. अमेरिकेत १९७३ पासून याच्यावर उपचाराची एक पद्धतच आहे म्हणे, रोजचं वाक्य चालीत म्हणवून घ्यायचं आणि पेशंटच्या डाव्या हाताने ठेका धरायचा. आम्ही घरी तेच केलं, "पाणी दे" दोन सुरात, खाटेच्या लाकडावर हात आपटत. सगळं काही परत आलं नाही, खोटं कशाला सांगू, पण पाणी, चहा आणि तुझं नाव एवढं आलं.

तुमच्या पिढीत (आता आमच्या पण) गाणं म्हणजे दुसऱ्याने म्हणायचं आणि आपण ऐकायचं असं झालंय. आपल्या बहिणाबाई बघ, आसोद्याच्या, लिहिता वाचता येत नव्हतं, दळता दळता आणि शेतात काम करता करता ओव्या रचायच्या, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी त्या लिहून ठेवल्या, १९५१ ला बहिणाबाई गेल्या आणि पुस्तक निघालं १९५२ ला. म्हणजे त्या काही मैफिल करायला बसल्या नव्हत्या. जात्याला दोघी बसल्या की हात एका ठेक्यात फिरला पाहिजे, नाहीतर खुंटा ओढाओढ होते, तो ठेका ओवीने राहायचा आणि ओवीत सासरचं, माहेरचं, मनातलं सगळं निघून जायचं. गिरणी आली आणि दळण दहा मिनिटात व्हायला लागलं, ओवी मात्र राहिलीच नाही. मला जातं परत नकोय हां, माझ्या आईचे खांदे कसे दुखायचे ते मला माहितीये, गिरणीच बरी. पण मन मोकळं करायची ती जागा गेली आणि त्याच्या बदल्यात आपल्याला मिळाला मोबाईल.

झोपेचं म्हणशील तर त्यात काही जादू नाही. गाताना ओळ पुरवायची म्हणून श्वास पटकन घेतो आणि लांबवून सोडतो, आणि श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे कमी होतात, हे कोणत्याही डॉक्टरला विचार. ऐकून पण बरं वाटतं, नाही असं नाही, पण फुप्फुसं तर आपलीच हलली पाहिजे ना. आणि कानातलं ते यंत्र जरा बारीक कर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास ऐकावा, आणि ९० झाला तर फक्त ४ तास. तू तर बसच्या आवाजावर मात करायला वाढवत असशील. इथे काय, डीजेने तेच काम चालवलंय. मागच्या लग्नात हळदीला डीजे होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या, रात्री १० नंतर बंद करायचा नियम आहे पण कोण ऐकतो, आणि हळदीची गाणी म्हणायला जमलेल्या म्हाताऱ्या बायका कानात बोटं घालून निघून गेल्या. पूर्वी बेसूर का होईना बाया म्हणायच्या तरी.

तुझा आवाज फाटका आहे हे तूच सांगतो नेहमी, असू दे. पप्पांचा कुठे चांगला आहे, तरी एकादशीच्या भजनात सगळ्यात पुढे बसतात आणि घरी येतात तर शेताचं कर्ज, मजुरी सगळं विसरलेले असतात, निदान जेवण होईपर्यंत. आणि महिनाभर झोप अशीच राहिली तर गाण्यावर सोडू नको, डॉक्टरला दाखव, मी काही वैदू नाही.

नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आपली खानदेशची देवी, कानबाई, घरी बसेल. रोटाच्या, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या, गव्हात तुझ्या नावाची सव्वा मूठ तर पडणारच, तू इथे असला तरी आणि पुण्यात असला तरी. पण रात्रीच्या जागरणाला गाणारे कमी पडतात आता, तुझ्या काकूंचा घसा गेलाय, पोरं व्हिडिओ काढत उभी राहतात. तू ये आणि मागे बसून नुसतं धृपद, परत परत येणारी ओळ, ओढ, तेवढं पुरे. सोमवारची सुट्टी आताच टाक, विसर्जन झालं की रात्रीच्या गाडीने जा. आणि ढोलकीची डाव्या बाजूची पुडी फाटलीये, पप्पा म्हणतात पुण्यात चांगली मिळते, माप पप्पा फोनवर सांगतील, घेऊन ये.

तुझी आई