एकेक डोळा झाकूनच तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पुण्यातल्या अनेक शाळांत मुलांचे डोळे तपासले जातात. उपक्रम चांगला आहे, पण एका सकाळी सगळी शाळा उरकायची म्हटल्यावर ज्यांच्यासाठी तपासणी करायची, नेमकी तीच मुले सुटतात.

सर्वांत सहज सुटते ते एकाच डोळ्याने कमी दिसणारे मूल. दुसरा डोळा चांगला असल्याने ते फळा वाचते, सायकल चालवते आणि तक्रारही करत नाही, कारण त्याला पहिल्यापासून तसेच दिसत असते. अंधुक दिसणाऱ्या डोळ्याकडे मेंदू हळूहळू दुर्लक्ष करू लागतो. हाच आळशी डोळा. साधारण सात-आठ वर्षांच्या आत योग्य चष्मा दिला आणि गरजेप्रमाणे चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावली, तर नजर बरीच सुधारते. पुढे ते अवघड होत जाते आणि मोठेपणी चष्मा लावूनही पूर्ण दिसत नाही. त्यामुळे दहावीतल्या तपासणीपेक्षा पहिलीतली तपासणी कितीतरी मोलाची आहे. शाळेत घालण्याआधी, तीन-चार वर्षांचे असताना एकदा झाली तर फारच उत्तम.

तक्ता ६ मीटरवर, म्हणजे सुमारे २० फुटांवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आणि भरपूर उजेडात हवा. पेठांतल्या जुन्या इमारतींत वर्ग एवढे लांब नसतात, मग तोच तक्ता १२-१५ फुटांवर लावला जातो आणि कमी दिसणारी मुलेही पास होतात. अशा वेळी व्हरांडा वापरावा किंवा ३ मीटरचा तक्ता मागवावा. डोळा पुठ्ठ्याने झाकावा. मुले बोटांच्या फटीतून बघतात, आणि तळहाताने डोळा दाबला तर नंतर त्याच डोळ्याला थोडा वेळ अंधुक दिसते. मूल डोळे बारीक करत असेल तर थांबवावे, कारण तसे केल्याने तात्पुरते स्पष्ट दिसते. रांगेतल्या मुलांना तक्ता ऐकून पाठ होतो, म्हणून रांग वर्गाबाहेर ठेवावी आणि अक्षरे उलटसुलट क्रमाने विचारावीत. अक्षर ओळख नसलेल्यांसाठी ‘ई’चा तक्ता असतो, दांड्यांची दिशा हाताने दाखवायची. चष्मा असलेल्याला चष्म्यासह तपासावे. ६/९ ची ओळ (चांगल्या नजरेला ९ मीटरवरून वाचता येते ती) एखाद्या डोळ्याने निम्म्याहून अधिक वाचता आली नाही, किंवा दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक आला, तर नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.

हे सगळे नीट केले तरी प्लस नंबर, म्हणजे जवळचे बघायला जास्त ताण पडणारा दोष, तक्त्यावर लपून राहू शकतो. लहान मुलाच्या डोळ्यातले भिंग ताण देऊन जाड होते आणि मूल ६/६, म्हणजे पूर्ण नजरेची ओळ, वाचते. पुस्तक घेतल्यावर मात्र डोके दुखते, ओळ सुटते, अभ्यासाचा कंटाळा येतो आणि बोलणी खावी लागतात. अशी लक्षणे असतील, डोळा तिरळा वाटत असेल, तर तक्त्यावर पास झाले म्हणून गप्प बसू नये. आणि फोटोत बुबुळाच्या मध्ये पांढरी चमक दिसली, तर शाळेच्या तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टर गाठावा.

याच ताणामुळे दुकानातल्या ‘कंप्युटर तपासणी’वर मुलाचा चष्मा करू नये. यंत्रात बघताना मूल ताण देते आणि मायनस नंबर (लांबचे अंधुक दिसणाऱ्यांचा) वाढीव निघतो. पहिला चष्मा डोळ्यांचा हा ताण सैल करणारे थेंब टाकून केलेल्या तपासणीवरच ठरावा. थेंबांमुळे जवळचे अंधुक दिसते आणि उन्हाचा त्रास होतो: काही औषधांनी दिवसभर, अ‍ॅट्रोपिनने आठवडाभर किंवा त्याहून जास्त. परीक्षा बुडण्याच्या भीतीने पालक टाळतात, म्हणून गणपतीची सुट्टी गाठावी. दिवाळीपर्यंत थांबले तर पहिले सत्र हातचे जाते.

चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा समज अजून घरोघरी आहे. नंबर वाढतो तो वाढत्या वयात डोळ्याची लांबी वाढत जाते म्हणून. चष्मा काढून ठेवल्याने ती थांबत नाही. मायनस नंबर असलेल्या मुलाची तपासणी दर सहा महिन्यांनी व्हावी. तो लागूच नये यासाठी रोज दीड-दोन तास दिवसाउजेडी बाहेर खेळणे उपयोगी ठरते. शाळा आणि क्लास यांच्यामध्ये हेच तास पहिले कापले जातात, याचे फार वाईट वाटते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांत येतात. विनाअनुदानित खासगी शाळांना हे स्वतःच करावे लागते. दोन्हीकडे खरी गळती नेत्रतज्ज्ञांकडे पाठवण्याची चिठ्ठी दप्तरात पडल्यावर होते. शाळांना विनंती आहे की, ‘तपासणी झाली’ असा शेरा न देता उजव्या आणि डाव्या डोळ्याची नजर वेगवेगळी लिहून पालकांची सही घ्यावी. पाठवलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षकांकडे असावी. महिन्याभराने कोणाचा चष्मा आला, कोणाचा नाही आणि आलेला चष्मा मूल वर्गात घालते का, हे त्यांनी त्या यादीवर नोंदवावे. खर्चामुळे अडलेल्या पालकांना विद्यार्थ्यांसाठीच्या मोफत चष्म्यांची माहिती शाळेनेच द्यावी.

एक ऑप्टोमेट्रिस्ट,
सदाशिव पेठ, पुणे ३०