स्वयंपाकघरही वारसाच

जुन्या वाड्यांच्या डागडुजीवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात दिवाणखाना, कोरीव खांब, महिरपी यांचे सविस्तर वर्णन आहे. स्वयंपाकघराचा मात्र उल्लेखही नाही. वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यातील नाना फडणवीसांच्या दप्तरातून पेशवाईचा कारभार कळतो. पण घरातल्या बायकांचा सारा दिवस जिथे गेला, त्या खोलीचे दप्तर कोणी ठेवले नाही. चूल, तिचा वैल (बाजूची जोडचूल), मोरी, काजळी धरलेले वासे एवढाच तिचा पुरावा, आणि दुरुस्तीच्या नावाखाली आपण तोच पुसतो.

वाईतील आमच्या जुन्या घरी ठेकेदाराने स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटले. चुना भिंतीतली ओल बाहेर पडू देतो, सिमेंट ती आत कोंडते. आजीच्या हाताखाली मधोमध झिजलेला पाटा त्याच वेळी राडारोड्यात गेला, त्याची हळहळ आजही वाटते.

वारसा वाड्यांच्या दुरुस्तीच्या निविदांत स्वयंपाकघराची मोजमापे व छायाचित्रे आधी घेणे आणि काम चुन्यातच करणे बंधनकारक करावे.

– एक वाचक, वाई