दादाजवळ बसायला कोण?

मु. पो. तेच, ता. दारव्हा
फेब्रुवारी

प्रिय विज्या,

पत्र पाहून दचकू नको, कोणी गेलेलं नाही. फोनवर हे सगळं सांगायला घेतलं असतं तर दुसऱ्याच वाक्याला तू फाटे फोडले असतेस, आणि इकडे दादा उंबऱ्यावर बसून माझं अर्धं बोलणं ऐकत असतो. म्हणून कागद. माझी साखर आहे तशीच आहे. सुनंदाचा बीपी गोळीवर चालला आहे. बैलजोडी विकली. झालं खुशालीचं.

तर मी शंकरपट, म्हणजे आपली बैलजोड्यांची शर्यत, पाहून आलो. तळेगाव दशासरचा. एकटा गेलो, दिवसभर बसलो आणि अंधार पडल्यावर घरी आलो. २०१४ साली कोर्टानं बंद केलेला पट २०२१ च्या शेवटी पुन्हा सुरू झाला, तेव्हापासून जाऊ जाऊ म्हणत होतो. आता हे गावात कोणाला सांगायचं? "मग काय झालं बाप्पा, सारेच जातात" म्हणतील. दादाला मनाचा आजार, म्हणून माय गेल्यापासून त्याला एकटं टाकून मी आणि सुनंदा एका वेळी घराबाहेर पडलेलो नाही. एकेकटे पडलो तरी बाजार, बँक, दवाखाना आणि परत घर. तुला मात्र सांगावं लागत नाही, तुझी मायही अशीच होती. तुझ्या मायच्या पायाला लुगड्याची चिंधी बांधून तिचं दुसरं टोक तू मनगटाला गुंडाळून झोपायचास, हे अख्ख्या गावात मलाच ठाऊक होतं. (त्या साली पटाला येतो म्हणून आला नाहीस त्याचे पन्नास रुपये अजून बाकी आहेत. कारण काही का असेना, पैज ती पैज.)

पटात चौथी-पाचवी जोडी सुटली असेल. धुरळा, आरडाओरडा, माझ्या शेजारचा म्हातारा तर उभा राहून स्वतःच धावायच्या बेतात. आणि मी खिशातून मोबाइल काढतो, ठेवतो, परत काढतो. शेवटी लावलाच. दादाजवळ कंडक्टरसाहेब बसले होते. म्हणाले, "जेवला. भाजी मागून घेतली. आता बाजेवर पडला हाये." मी म्हटलं, गोळी? घेतली म्हणे. जीभ उचलून पाहिली? पाहिली म्हणे, "आता तुमी पट पाहा ना भाऊ."

विज्या, मला राग आला. खरंच आला. माझ्या हातून गोळी घ्यायला दादाला अर्धा तास मनधरणी लागते, आणि परक्या माणसाकडून त्यानं ती मुकाट्यानं घेतली, वर भाजी मागितली! मग मी इतकी वर्षं काय केलं? त्या रागात भज्यांच्या दोन प्लेटा खाल्ल्या आणि शेवटची जोडी सुटेपर्यंत हललो नाही. तू हसशील. पण तुझी माय तुझ्या आत्याच्या हातून जेवायची तेव्हा तू विहिरीवर जाऊन बसायचास, ते मी पाहिलेलं आहे.

आता कंडक्टरसाहेब कोण, ते. महिन्यातून एकदा तालुक्याला मनाच्या आजाराचे डॉक्टर येतात. दादाचं इंजेक्शन त्याच दिवशी असतं. त्या बाकावर दर महिन्याला तीच तोंडं. रिटायर कंडक्टर आणि त्याचा पोरगा, जो दोन महिने झोपून असतो आणि मग एकदम मोटारसायकल विकत घ्यायला निघतो. पलीकडच्या गावची एक बाई आणि तिची पोरगी, जी कोणाकडे पाहत नाही. आणि आम्ही. कित्येक वर्षं शेजारी बसलो आणि फक्त "नंबर किती आला?" एवढंच बोललो. लाज असते ना लेका, बाकावरसुद्धा.

दिवाळीनंतर तिथं समाजसेवेची एक नवी पोरगी आली आहे. तिनं सुनंदाला विचारलं, रात्री झोप किती लागते? सुनंदानं दादाची फाइल पुढं सरकवली. पोरगी म्हणाली, त्यांची नाही, तुमची. सुनंदा म्हणाली, "मी पेशंट नाही ना बाई." तिथं हसणं झालं. पण येताना एसटीत ती खिडकीबाहेर पाहत होती आणि गाव येईपर्यंत बोलली नाही. रात्री मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की ती मधूनमधून गोठ्यात जाऊन १४४१६ ला फोन लावते. टेलिमानस म्हणतात ते, मनाच्या त्रासासाठीचं, सरकारचं, रात्री-बेरात्री लागतं, पैसे पडत नाहीत. मला वाटलं दादाविषयी विचारत असेल. तर म्हणाली, "कायचं. तिकडची बाई मराठीत विचारते, जेवल्या काय ताई. तेवढ्यासाठीच लावतो मी." मी तिच्या शेजारी झोपतो, विज्या. मला पत्ता नाही.

तू शेवटचा आलास तेव्हा माय होती, म्हणून तुला सुनंदाचं दिवसभराचं दिसलेलं नाही. गोळ्यांनी दादाचे हात थरथरतात, म्हणून ती त्याचा कप अर्धाच भरते आणि दोनदा देते. पूर्ण भरला तर सांडतो, सांडला की दादा ओशाळतो, आणि ओशाळला की दिवसभर चहाच घेत नाही. हे तिला कोणी शिकवलं नाही. गोळी दिली की त्याला कलेक्टरचं नाव विचारते. तो सांगतो, तेवढ्यात जिभेखाली काही लपवलं आहे का ते दिसतं. विळा-कोयता कडीबंद. रात्री कडी वाजली की ती माझ्याआधी उठते. मी उठतो तेव्हा दोघं अंगणात उभे असतात आणि दादा तिला शकुंतला रेल्वे लेट काऊन आहे ते समजावून सांगत असतो. गाडी बंद पडून वर्षं झाली, पण त्याच्या हिशेबी ती लेटच आहे. बाकी एक सांगतो: ती लाइन सरकारची नसून इंग्रजांच्या वेळच्या खाजगी कंपनीची आहे, हे दादा आपण शाळेत असल्यापासून बोंबलत होता. लोक टाळ्या देऊन हसायचे. पेपरात छापून आलं तेव्हा सगळे गप्प.

दादाची कागदपत्रं झाली आहेत. अपंगत्वाचं प्रमाणपत्र चाळीस टक्क्यांच्या वर निघालं, कार्ड आलं, एसटीत सवलत मिळते, संजय गांधी निराधारचे पैसे येतात, कधी वेळेवर, कधी नाही. २०१६ च्या अपंगांच्या कायद्यात ज्याला जास्त आधार लागतो त्याच्या सांभाळणाऱ्यासाठी भत्ता, असंही लिहिलं आहे. ते छापलेलं पान घेऊन मी एका टेबलापुढं उभा राहिलो. टेबलामागचा माणूस म्हणाला, "घरच्याच बाईला कायचा भत्ता भाऊ?" तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

आणि गंमत बघ. डॉक्टर म्हणाले, घरात सारखे टोमणे, सारखा मागे लकडा असला की हा आजार लवकर उलटतो. लंडनमध्ये पन्नास-साठच्या दशकातच हे पाहिलं गेलं आहे. पटतं. पण जी बाई रात्री तीनदा उठली, ती सकाळी टोमणा मारणार नाही तर काय आरती ओवाळणार? औषध दादाला आणि झोप सुनंदाला, दोन्ही एकाच चिठ्ठीवर लिहून द्यायला पाहिजे. मी हे डॉक्टरांना म्हटलं. ते म्हणाले, दुकानात मिळत नाही ना ती. तुझ्या पुण्यात जगन्नाथ वाणींनी उभी केलेली मनाच्या आजारावरची ती संस्था घरच्या लोकांच्या बैठका भरवते, तिथं तू एकदा गेला होतास आणि नुसता चहा पिऊन आलास म्हणे. इकडं तेवढंही नव्हतं. त्या समाजसेवेच्या पोरीनं आम्हा तिन्ही घरांना एका दिवशी थांबवून घेतलं, चहा स्वतःच्या पैशानं पाजला, आणि म्हणाली, बोला. अर्धा तास कोणी बोललं नाही. मग ती बाई म्हणाली, मला सल्ला नको, चार तास माझ्या पोरीजवळ कोणी बसेल काय तेवढं सांगा.

त्यातून सावड सुरू झाली. निंदणाला घालतो तशीच. आज तू माझ्या घरी, परवा मी तुझ्या. पण नियम केले. पहिल्या दोन वेळा घरचं माणूस समोर असताना बसायचं, तिसऱ्यांदा एकट्यानं. माणूस बदलायचा नाही. पोरीजवळ बाईच बसेल. प्रत्येक घराची एक वही: गोळी केव्हा, काय बोललेलं चालत नाही, आजार उलटायची चिन्हं कोणती. दादाच्या वहीत सुनंदानं लिहिलं: दोन रात्री झोप नाही, आंघोळ टाळतो, तारांविषयी बोलतो, लगेच फोन करा. खाली माझ्या अक्षरात: रेडिओला हात लावू नये. कंडक्टरसाहेबांनी पहिल्याच दिवशी दादाला जुन्या तिकिटांची पेटी दाखवली आणि दोघांची जमली. सुनंदा आधी गेली, माहेरी. तिथं तिनं काय केलं विचारशील तर, झोपली. भावजय घाबरून मला फोन करत होती, ताईला बरं नाही काय म्हणून. मग माझी पाळी, तो पट.

आता मुद्द्यावर येतो. पिंकीचं लग्न मे महिन्यात ठरलं. मुलगा आर्णीकडचा, वीज मंडळात आहे. दादाचं आम्ही आधीच सांगून टाकलं. मुलाच्या बापानं एवढंच विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? मला तो माणूस तिथंच आवडला. खरे त्रास आपलेच लोक देतात. मोठे मामा येऊन सांगून गेले, लग्नापुरतं नागपूरला भरती करून टाक, चार दिवसांचा प्रश्न. सुनंदा भाकरी थापत होती, थापतच राहिली. मी तरी डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, लग्न हे भरती करायचं कारण नाही. २०१७ चा मनाच्या आजारावरचा कायदा आहे, भरती उपचारासाठी असते, पाहुण्यांच्या सोयीसाठी नाही. मामांना हे सांगितलं तर म्हणतात कायदा गेला चुलीत.

पण विज्या, मामा मूर्ख असले तरी भीती खोटी नाही. मंडप म्हणजे गर्दी, डीजे, दोन रात्री जागरण. दादाचं उलटतं ते नेमकं जागरणानंच. पिंकीच्या बारशाला काय झालं ते तू पाहिलं आहेस. डीजे नको म्हटलं तर मुलाकडचे मित्र ऐकतील काय? त्याला खोलीत बसवलं तर तो खिडकीतून पाहील आणि मला ते सहन होणार नाही. मंडपात बसवलं आणि मंगलाष्टकाच्या मधोमध उठून शकुंतलेचं वेळापत्रक सांगू लागला तर पिंकीला काय वाटेल? पिंकीला विचारलं. म्हणाली, "मोठे बाबा नसतील तर मी अक्षता घेणार नाही." ती बोलून मोकळी झाली, आणि मी रात्रभर आढ्याकडे पाहत पडलो. दादानं शिंप्याकडे सदरा टाकला आहे, आणि वऱ्हाडासाठी शकुंतला सोडावी असा कलेक्टरला अर्जही लिहून ठेवला आहे. शुद्धलेखन माझ्याहून चांगलं आहे.

डॉक्टरांनी मार्ग सांगितला तो असा. इंजेक्शनची तारीख लग्नाआधी येईल असं पाहू. जवळ एक शांत खोली ठेवा, त्याला वाटेल तेव्हा उठू द्या, रात्री ठरल्या वेळी झोपवा. आणि एक माणूस पूर्ण वेळ फक्त त्याचा. ज्याला तो ओळखतो आणि ज्याला घाबरायला होत नाही, असा. कन्यादानाला मी आणि सुनंदा दोघंही पाटावर. सावडीतली बाई पोरीला सोडून चार दिवस येऊ शकत नाही. कंडक्टरसाहेबांच्या पोराचा आजार उन्हाळ्यातच चढतो, मागच्या वर्षीही तसंच झालं. आता अंदाज आलाच असेल तुला.

तू ये. पाहुणा म्हणून नको, दादाचा माणूस म्हणून ये. हळदीच्या आदल्या दिवशी ये आणि पाठवणीनंतर एक दिवस राहा. तो तुला अजून "विज्या गोलकीपर" म्हणतो. तू मागे फोनवर म्हणाला होतास, कुठल्या तरी आश्रमात टाक, किती दिवस करशील, आणि मी फोन आपटला होता. तो विषय मी सोडलेला नाही. लग्न उरकलं की गच्चीवर बसून व्यवस्थित भांडू, तयारी करून ये.

चिंटूच्या नोकरीचं कळलं, फार छान झालं. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं की नाही? फ्लॅटचे हप्ते संपत आले असतील. वहिनींनाही आण, पण जिने आहेत हे सांगून ठेव.

रिझर्वेशन आताच काढ, मे महिन्यात मिळत नाही. बडनेऱ्याला उतर, तिथून नेरमार्गे एसटी आहे, मी स्टँडवर येतो. दादाला बिडी लागेल, बंडल तुझ्याजवळ ठेव, दिवसाला चारच्या वर देऊ नको, आणि तो म्हणेल की गज्या सहा देतो. मी सहाच देतो, पण तू चारच दे.

तुझा,
गज्या