कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र : शिकण्यासाठी आधी नोकरी घालवायची काय?

मा. कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी मी कोल्हापुरातल्या एका प्रशिक्षण केंद्रात व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या, मशीनचे प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी अर्ज घेऊन गेलो होतो. खिडकीवरच्या बाईंनी आधार कार्ड पाहून मर्यादा ४५ वर्षांची असल्याचे सांगितले. माझे वय ४६ आहे. मग अजून कामावर आहात का, असे विचारले आणि मी होय म्हणताच अर्ज परत सरकवला. त्यांना मी दोष देत नाही, कारण त्यांच्या संगणकात माझ्यासारख्यासाठी रकानाच नव्हता. रकाने ठरवणारे आपण आहात, म्हणून हे पत्र आपल्याला.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये बावीस वर्षे टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावर धातूचे भाग कातणारा कामगार, आहे. फौंड्रीतून येणाऱ्या इंजिनाच्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, आमचे पोट चालते. विजेच्या गाडीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही आणि हेडही लागत नाही, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले आणि आमच्या निर्यातीच्या ऑर्डरी अडकल्या. रात्रपाळी गेली, ओव्हरटाइम गेला, आता आठवड्यातले दोन-तीन दिवस लेऑफ, म्हणजे काम नाही म्हणून सक्तीची सुट्टी, असतो. हातात पडणारे २४ हजार १६ हजारांवर आले आहेत. मुलीची पॉलिटेक्निकची फी आणि पतसंस्थेचा हप्ता मात्र पूर्वीइतकाच आहे, त्यामुळे बायको पहाटे चपात्या लाटायला जाते.

लेऑफच्या दिवशी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते, पण त्यासाठी पाळीच्या वेळी हजर होऊन नाव लावावे लागते. म्हणजे काम नाही हे ऐकण्यासाठी मी सायकल मारत शिरोलीला जायचे, सही करायची आणि परत यायचे. तोच वेळ वर्गात घालवला, तर भरपाई बुडणार. हा नियम ज्याने लिहिला त्याने कधी गेटवर उभे राहून पाहिले असेल, असे वाटत नाही.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आमच्याकडे एक आयटीआय झालेला मुलगा आला. त्याला शासनाने दरमहा ८,००० रुपये दिले, आणि लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, कसा धरायचा हे त्याला मी शिकवले. पोरगा गुणी आहे, त्याच्याबद्दल मनात काही नाही. पण ती योजना १८ ते ३५ वयाच्या बेरोजगारांसाठी आहे, त्यामुळे शिकवणाऱ्याला त्यातून काही नाही आणि शिकू पाहणाऱ्या टर्नरलाही काही नाही. आज तो व्हीएमसीवर आहे आणि मी हजेरीच्या मस्टरवर.

कुणी म्हणेल, आधीच्या कौशल्याला मान्यता देणारी योजना आहे ना. आहे! बावीस वर्षे जे काम करतो ते मला येते, असा कागद तिच्यातून मिळतो. मला जे येत नाही, त्याचे काय? नव्या औद्योगिक संबंध संहितेत कामगारांच्या पुनर्कौशल्यासाठी निधी आहे, तोही कामावरून कमी केल्यावर. मालकाने शेवटच्या वेतनाच्या पंधरा दिवसांइतकी रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. माझ्या जुन्या पगाराच्या कच्च्या हिशेबाने ते बारा-तेरा हजार होतात. खासगी क्लासवाल्याने मला १८ हजार सांगितले आहेत. बुडाल्यावर दोर टाकायचा आणि तोही आखूड, याला धोरण म्हणायचे असेल तर म्हणा.

पैसा नाही, असे मात्र सांगू नका. महालेखापरीक्षकांचा डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत आलेला अहवाल सांगतो, की प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या सुमारे ९६ लाख नोंदींपैकी ९० लाखांहून अधिक नोंदींत बँक खात्याच्या रकान्यात शून्ये होती किंवा काहीच नव्हते. खात्याच्या रकान्यात शून्य चालते, वयाच्या रकान्यात ४६ चालत नाही! ती योजना केंद्राची आहे, लेऑफचा नियम कामगार खात्याचा आहे, हे उत्तर मला पाठ आहे. कामगार मात्र एकच आहे आणि त्याला तीन दारांवर पाठवण्यात सगळी खाती एकदिलाने काम करतात.

याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. आता शिकायला आपणहून आलेल्याला परत पाठवले जाते, एवढी प्रगती झाली आहे.

लेऑफच्या दिवशी प्रशिक्षण केंद्रातली हजेरी कारखान्याची हजेरी धरावी, वयाची अट काढावी आणि कामावर असलेल्यांच्या फीचा निम्मा भार शासनाने उचलावा, एवढेच मागणे आहे. पहिल्या मागणीला तर तिजोरीतून एक रुपयाही लागत नाही.

‘वय जास्त, नोकरीत’ असा पेन्सिलीने शेरा मारलेला माझा अर्ज सोबत जोडला आहे. शेरा खोडता येतो.

कळावे,
आपला,
एक टर्नर, कोल्हापूर